दंडावरचा चौकोन

"पाऊण तासानं तुम्हाला इथं काही कळणार नाही," रूथ सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या उजव्या दंडाभोवती पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळू लागल्या. कागदाखाली पांढऱ्या मलमाचा जाड थर होता. डबा बांधताना पोळ्या गुंडाळतात, तसा त्यांनी माझा दंड गुंडाळला.

"बधिर करायचं औषध हाय व्हय हे?" समोरच्या स्टुलावरून हौसाआत्यानं विचारलं.

"हो आजी. लेझरचा चटका लागू नये म्हणून."

"मग फुकट घालवलंत की. ह्या पोरीला चार म्हयनं झालं, कायबी लागत न्हाई."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखदेख नसलेल्या माणसाशी हसतात तसं हसले. आत्याचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे रागवायचं कारण नव्हतं. आणि असतं तरी मी रागावले असते असं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिरजेतला तो दवाखाना एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर निमकर आठवड्यातून दोनदा कोल्हापूरहून यायच्या. त्या पोचेपर्यंत आलेल्या माणसाला मलम लावून बसवून ठेवायचं, अशी तिथली पद्धत होती. मी अशी बसवून ठेवलेली. सोबत हौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पिशवीत पाण्याची बाटली, दोन केळी आणि माझ्याबद्दलची काळजी घेऊन ती विट्याहून आली होती.

माझी आई भाद्रपदात गेली होती. डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात होती, सहाव्या दिवशी संपलं. माझा साखरपुडा त्याआधीच, ज्येष्ठात झाला होता, इस्लामपूरच्या जयदीपशी. आमच्यात घरातलं माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तेराव्याला पंगती उठल्या आणि तिथंच भाऊबंदांनी वैशाखातली तारीख काढली. नानांना, माझ्या वडिलांना, विचारलं तर ते म्हणाले, "बघा तुम्ही." मला विचारलं तर मी म्हणाले, "चालेल." मला तेव्हा सगळंच चालत होतं.

मी रडले नव्हते. एवढीशी गोष्ट, पण सांगलीपासून विट्यापर्यंत सगळ्या नात्यात तिचा गवगवा झाला होता. आई गेली त्या दिवशी बायका माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि मधेच मान मागं घेऊन माझे डोळे ओले आहेत का बघायच्या. मी कोरडी ठाक. एकीनं धक्का बसलाय म्हटलं, दुसरीनं शिकलेल्या पोरींचं काळीज असंच असतं म्हटलं. हौसाआत्यानं तर मला रडवण्याचा विडाच उचलला होता. आईची साडी मांडीवर आणून ठेव, आईच्या हातचं लोणचं ताटात वाढ, जुने फोटो काढ. मी साडीची घडी घालून कपाटात ठेवली. लोणचं खाल्लं. चांगलं मुरलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर गेले. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. टँकर आला की त्यातलं थोडं दूध नमुना म्हणून काढायचं, त्याची फॅट बघायची, डिग्री लावून दाटपणा मोजायचा, भेसळ नाही ना ते बघायचं, आणि मगच टँकर खाली करू द्यायचा. ते सगळं मला पूर्वीसारखंच जमत होतं. दूध नासलेलं असलं तर मला झाकण उघडल्या उघडल्या कळायचं. माझं स्वतःचं काय झालंय ते मात्र कळत नव्हतं, आणि त्याची मला मनातून भीती वाटायला लागली होती.

कारण जयदीप चांगला माणूस होता. दर रविवारी फोन करायचा. बोलायला काही सुचलं नाही की त्यांच्या मळ्यातल्या उसाचं, गाभण म्हशीचं, शेजारच्या कुत्र्याचं सांगत बसायचा. मी "हं" म्हणायचे. साखरपुड्याच्या वेळी हाच माणूस फोनवर आला की मी जिन्यात जाऊन बसायचे, आणि आता त्याचा आवाज मला रेडिओवरच्या बाजारभावासारखा ऐकू येत होता. असलं लाकूड त्याच्या गळ्यात बांधणं हा त्याच्यावर अन्याय होता. त्या दिवशी सकाळी वेणी घालताना मी ठरवून टाकलं होतं, मिरजेहून परतायच्या आत त्याला फोन करायचा आणि लग्न मोडलं म्हणून सांगायचं.

लग्नच मोडायचं तर मग लेझर कशाला, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण तेव्हा मला कुणी ऊठ म्हटलं की मी उठत होते आणि बस म्हटलं की बसत होते. आत्या म्हणाली, "मिरजंला चल." मी चपला घातल्या.

लेझर ही आईची इच्छा होती. आमच्या दोघींच्या दंडांवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, बारीक बारीक पुरळ होतं. ते खाजायचं नाही, दुखायचं नाही, वाढायचं नाही आणि जायचंही नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक खडबडीत कण, भोवती तांबूस लाली. डॉक्टर लोकांत त्याला लांबलचक नाव आहे. आई त्याला रवा म्हणायची. "आपल्या दंडांवर देवानं रवा सांडलाय," असं म्हणून ती लहानपणी मला खोबरेल चोळायची. तिच्या आईलाही तो होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आईला फार वाटायचं. ती जन्मभर कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी घालत आली, चैत्रातल्या उन्हातसुद्धा.

त्यालाही कारण होतं आणि ते कारण माझ्यासमोर स्टुलावर बसून केळं सोलत होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा हळद लावताना हौसाआत्यानं तिच्या दंडावरून हात फिरवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया, वैनी न्हवं, किसणी आणलीया दादानं!" मांडव हसला. आई पुढची दोन-तीन वर्षं त्या घरात किसणी होती. मग मी झाले, आत्याचंही लग्न होऊन पोरंबाळं झाली, किसणी हे नाव मागं पडलं, नणंद-भावजयीचं चांगलं सूत जमलं. पण बाह्या काही कोपराच्या वर गेल्या नाहीत. आणि माझं लग्न ठरल्यापासून आईचा एकच घोशा होता, हळदीच्या आधी तुझे दंड दाखवून घ्यायचे, मिरजेत त्यावर लेझर करतात म्हणे.

"खातीस का?" आत्यानं अर्धं केळं पुढं केलं.

"नको."

"दंड बधिर झाला का?"

मी कागदावरून बोट दाबून पाहिलं. दंड माझा नव्हताच जणू. "झाला."

"कसं वाटतंय?"

"बाकीच्या अंगासारखंच," मी म्हणाले.

हे मी गमतीनं म्हटलं नव्हतं, पण आत्याच्या हातातलं केळं तिथंच थांबलं. तिनं ते सालीसकट पिशवीत टाकलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्या वाटचं रडायचं कामही गेले चार महिने तीच करत होती.

आई गेली त्या दिवशीचं मला फारसं काही आठवत नाही. लोक कोण आले, काय बोलले, काही नाही. एकच गोष्ट लख्ख आठवते. आई अहेवपणी गेली म्हणून तिला आंघोळ घालून, हिरवी साडी नेसवून, हिरवा चुडा भरून, मळवट भरून न्यायचं होतं. मागच्या अंगणात चादरींचा आडोसा केला. आत्यानं पाणी ओतलं आणि मी हात चोळले. डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला, त्या सगळ्या रव्याच्या मधोमध मला एक चौकोन दिसला. काडेपेटीएवढा, चारी कडा सरळ. मी त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, दवाखान्यात सलाईनची चिकटपट्टी लावली असेल आणि ती ओढून काढताना आईची कातडी सोलली असेल. एवढं मनात आलं आणि मी पुढं पाठ चोळायला घेतली. पुढं कुणाला काही विचारलं नाही. पण चार महिने रात्रंदिवस माझ्या अंगठ्याला तो चौकोन लागत होता.

"थोरवत, चला आत," सिस्टरनी हाक मारली. "आजी, तुम्ही बाहेरच बसा. आत डोळ्यांना चष्मा लागतो आणि आमच्याकडे तीनच आहेत."

"लेकीला एकटीला सोडू व्हय?"

"दारातच बसा. आवाज दिला की ऐकू येईल."

आतली खोली गार होती. एक उंच पलंग, शेजारी फ्रीजएवढं मशीन, त्यातून निघालेली जाड नळी. डॉक्टर निमकर हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, घाईत असलेल्या बाई. त्यांनी माझा उजवा दंड प्लास्टिकसकट हातात धरला, डाव्यावरून बोटं फिरवली, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"थोरवत! पद्मजा थोरवत. दूध संघातल्या ना?"

"हो."

"आई कुठंय? बाहेर बसल्यात का? आधी त्यांना बोलवा. मला त्यांचा पॅच बघायचाय. महिन्यानं दाखवायला या म्हटलं होतं, पत्ताच नाही."

"कसला पॅच?" मी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "सांगितलं नाही वाटतं त्यांनी तुम्हाला? श्रावणात आल्या होत्या की एकट्याच. म्हणाल्या, लेकीचं लग्न आहे, तिच्या दंडांवर लेझर करायचंय, पण आधी माझ्या दंडावर करून दाखवा. मी म्हटलं, ताई, असं नसतं. आधी छोटा तुकडा करून बघायचा हे बरोबर, सावळ्या कातडीवर कधी डाग राहतो, पण तो ज्याचा त्याच्या अंगावर करायचा. तुमच्या मुलीचा पॅच मुलीलाच घ्यावा लागेल. तर मला म्हणतात कशा, माझी लेक दूध संघात आहे, नमुना बघितल्याशिवाय टँकर खाली करू देत नाही. दंड आमचे एकाच म्हशीचे आहेत. नमुना माझा घ्या, मग तिचं बघू."

मशीनच्या मागं उभ्या असलेल्या रूथ सिस्टरही हसल्या. "आणि मलम लावू दिलं नाही मला. मी डबी उघडली तर हात धरला."

"का?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

"म्हणाल्या, माझी पोर दुखलं तरी सांगत नाही. लहानपणापासून तशीच आहे. म्हणून किती दुखतं ते मला आधी कळू दे."

श्रावणात आई एके दिवशी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला म्हणून गेली होती आणि संध्याकाळी प्रसादाशिवाय परत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, "गर्दी होती गं, संपला." कोपरापर्यंतच्या बाह्या होत्याच. त्यांच्या आत काय होतं ते कोण बघणार?

"दुखलं का तिला?" मी विचारलं.

"दुसऱ्या चटक्याला डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण हात हलवला नाही. झाल्यावर म्हणाल्या, सोसण्यासारखं आहे, सोसेल तिला. बोलवा ना त्यांना."

"आई नाही आता."

"आल्या नाहीत?"

"भाद्रपदात गेली. डेंग्यू झाला होता."

डॉक्टरांनी चाकांचं स्टूल ओढलं आणि बसल्या. सिस्टरनी गळ्यातल्या क्रुसाला बोट लावलं. मशीनचा पंखा तेवढा चालू होता.

"मला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर मी अशी... आज राहू दे, पद्मजा. परत कधीतरी या."

मला त्यांची कीव आली. त्यांनी एक काम केलं होतं आणि ते कसं झालं ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं. मी नमुना तपासणारी बाई. निकाल सांगायचा असतो, तो सांगितल्याशिवाय नमुना घेतल्याला अर्थ नसतो.

"तुमचा पॅच मी बघितलाय," मी म्हणाले.

"काय?"

"डाव्या दंडावर, मागच्या बाजूला. काडेपेटीएवढा. कडा सरळ होत्या. लाली नव्हती. रंग आजूबाजूपेक्षा किंचित उजळ. काळा डाग नव्हता, फोड नव्हता." इथपर्यंत मी फॅट आणि डिग्री सांगते तसं सांगत आले. मग मला अंगठा आठवला. "रवा नव्हता. तेवढ्या जागेत अजिबात नव्हता. गुळगुळीत होतं."

"छान आला म्हणजे," डॉक्टर नकळत म्हणून गेल्या. मग त्यांनी विचारलं, "कधी बघितलात?"

"आंघोळ घालताना."

कुठल्या आंघोळीबद्दल मी बोलतेय ते त्यांना कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

मी पलंगावर कुशीवर वळले आणि डावा हात पुढं केला. उजवा, मलम लावलेला, अंगाखाली घेतला.

"ह्याच्यावर करा."

"ह्याला मलम नाही लावलेलं. पाऊण तास थांबावं लागेल."

"नको. तसंच करा. आईचा जिथं केला तिथंच."

"दुखेल."

"तिनं सांगितलंय ना सोसेल म्हणून," मी म्हणाले.

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी डॉक्टरांकडे. मग सिस्टरनी माझ्या डोळ्यांवर काळा, घट्ट बसणारा चष्मा चढवला आणि सगळा अंधार झाला. दंडावर गार जेल लागलं. डॉक्टरांचा आवाज आला, "रबर ताणून मारल्यासारखं लागेल. नको वाटलं तर लगेच सांगा. लपवू नका."

टक् आवाज झाला आणि माझ्या दंडाला आग लागली.

फार मोठं दुखणं नव्हतं ते. विस्तवाचं एखादं ठिणगीएवढं काही अंगावर उडावं तेवढंच. पण ते माझ्या अंगाला लागलं, मला लागलं. केस जळल्याचा वास आला. याच जागी, याच पलंगावर, हाच वास घेत आई पडली होती, माझ्या वाटचं आधी स्वतः सोसून बघत, आणि घरी येऊन प्रसाद संपला म्हणाली होती.

"दुखतंय," मी म्हणाले.

"थांबू?"

"नको. दुखतंय."

दुसरा चटका बसला आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी याआधी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी हात काढून घेतला. चष्म्यात पाणी भरलं, तो घट्ट असल्यामुळे ते वाहून जाईना, आणि मी त्या पाण्यातच डोळे मिटून आई आई म्हणून ओरडत होते. चार महिन्यांचं सगळं एकदम येत होतं. मला ते थांबवता येत नव्हतं आणि थांबवायचंही नव्हतं.

दार धाडकन उघडलं.

"भाजलं! पोरीला भाजलंत!" हौसाआत्या आत घुसली होती. चष्मा नाही, काही नाही. "दुखायचं न्हाई म्हणत हुता न्हवं? ते मलम कुठं गेलं? अगं बया, ह्या हाताला लावलंच न्हाई की! कसाई हायसा का डाक्टर? आईविना पोर हाय म्हणून काय बी कराल व्हय?"

"आजी, ऐकून घ्या."

"काय ऐकू? आख्ख्या तेरा दिवसांत पोरगी रडली न्हाई आणि तुम्ही पाच मिंटात रडवलीसा!"

हे तोंडातून निघालं आणि आत्या जागच्या जागी थबकली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. सिस्टरनी माझा चष्मा काढला. मी आत्याकडे पाहिलं. मला ती चार महिन्यांत पहिल्यांदा नीट दिसली. वाळली होती.

"आत्या, आईनं पण करून घेतलं होतं," मी हुंदके देत म्हणाले. "माझ्या आधी. बिनमलमाचं. मला किती दुखेल ते बघायला."

सगळं सांगायला मला फार वेळ लागला. मधे मधे रडत होते, शब्द फुटत नव्हते. आत्या पलंगाच्या कडेला टेकून ऐकत होती. डॉक्टर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. चौकोनाचं सांगितलं तेव्हा आत्यानं माझा हात घट्ट धरला.

"मी बी बघितला हुता त्यो," ती म्हणाली. "तुला वाटलं तसंच मला बी वाटलं. दवाखान्यावाल्यांनी सोललंय म्हटलं शालनवैनीला. तू पाणी आणाया वळलीस तवा मी हळद घिऊन त्यावर दाबली. जळजळू ने तिला म्हणून." तिचा आवाज फुटला. "मेलेल्या माणसाला कुठलं जळजळतंय? पर दाबली गं."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"हळदीतच मी बोलले हुते तिला तवा," आत्या म्हणाली. "आख्ख्या मांडवात. जिभंला हाड न्हवतं माझ्या. तिनं मला कदी बोलून न्हाई दावलं, पर इसरली बी न्हाई. तुझ्या हळदीत कुणी बोलू ने म्हणून हितं आली असंल गं ती." आणि मग ती आईच्या नावानं असा गळा काढून रडली की खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. या खेपेला मी तिच्या बरोबरीनं रडत होते.

डॉक्टरांनी फी घेतली नाही. उरलेला तुकडाही तसाच राहिला. दोनच चटके, अर्धा चौकोन. सिस्टरनी त्यावर थंड पट्टी ठेवली आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "ऊन लागू देऊ नका. आणि हळद-बिळद काही लावायची नाही," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि आत्याकडे बघून माझ्या दंडावरची पट्टी नीट करू लागल्या.

खाली उतरल्यावर आत्या रिक्षा बघायला रस्त्याच्या कडेला गेली. मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुपारचं ऊन होतं. उजवा दंड अजून बधिर होता, डावा ठणकत होता. माझे डोळे सुजून इतके बारीक झाले होते की समोरची पाटीही नीट वाचता येत नव्हती.

मी फोन काढला. सकाळी ठरवलं होतं तो फोन करायचा राहिला होता.

जयदीपनं दुसऱ्याच घंटेला उचलला. "आज कसा काय? रविवार नाही तर," तो हसून म्हणाला.

काय बोलायचं ते मी सकाळीच जुळवून ठेवलं होतं, आपलं लग्न होणार नाही, चूक तुमची नाही, वगैरे. त्यातला एकही शब्द तोंडात आला नाही.

"जयदीप," मी म्हणाले, "आई गेली."

मागं कुठंतरी त्याच्या मळ्यातली मोटर चालू होती. तेराव्याला पंगतीत वाढायला उभा असलेला माणूस तो. मला वाटलं, आता म्हणेल, अगं, मला माहीत नाही का? चार महिने झाले की.

"कधी?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

"कुठं आहेस तू?"

मी सांगितलं. मोटर बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"तिथंच बस," तो म्हणाला. "मी निघालोच."